सात नंबरचं धुणं

क्रीडाग्रामाच्या मागल्या अंगाला, जनरेटरच्या शेजारी
चार मशीन आणि मी.
तिसरं मशीन पहिल्याच दिवशी बसलं,
तेव्हापासून अर्धं धुणं हातावर.

सामने मी बघत नाही. बघावे लागत नाहीत.
पोतं उपडं केलं की कळतं
कोण पडलं, कोण फरपटलं,
कोणी नव्वद मिनिटं नुसती उभ्याने काढली.
चड्ड्यांवर गवताच्या हिरव्या रेघोट्या,
पाठीवर दुसऱ्याच कुणाच्या मुठीचा चुरगळा.
आणि राखीव पोरांचे सदरे, घडीसुद्धा न मोडलेले.
तेही मी धुते.
तसेच परत दिले तर त्यांना लागेल.

बायकांचा सामना सकाळी अकराला.
पोर्ट विलाच्या पत्र्यांवर तेव्हा मासा तळून निघेल.
बघायला शाळा बुडवलेली दोन पोरं, एक लंगडं कुत्रं,
आणि मैदानावर फक्की मारणारे कालमेट काका,
ज्यांना तिथे असावंच लागतं.
पुरुषांचा रात्री आठला, दिव्यांखाली.
तेव्हा कुंपणाबाहेरच्या वडावरही जागा उरत नाही.
आरडाओरडा झाला की माझ्या बादलीतलं पाणी थरथरतं.

लोक म्हणतात, घाम काय, सगळ्यांचा सारखा.
लोकांनी कधी धुतला नाही.
रात्रीचा घाम ओलाच येतो माझ्याकडे, आंबूस.
सकाळचा कापडावर वाळून येतो,
पांढऱ्या कडांचा, नकाशातल्या बेटांसारखा.

काल तुवालूच्या पोरी अकरा-शून्य हरल्या.
त्यांची गोलकीपर, सुलुफाइगा, हातमोजे घेऊन स्वतः आली.
"हे मशीनमध्ये नको, शिवण उसवते."
मग बादलीपाशी उकिडवी बसली.
म्हणाली, आमच्याकडे संध्याकाळी विमानाच्या धावपट्टीवर खेळतो,
भोंगा वाजला की गोलचे खांब उचलून बाजूला पळायचं.
इथलं गवत मऊ.
पडायला इतकं बरं वाटलं
की गरज नव्हती तिथेही पडले.
जाता जाता दारातून म्हणाली,
"अकरा सगळ्यांनी मोजले.
अडवलेले मी मोजले. सव्वीस."

आज आमच्या पोरींचं पोतं.
यांचे सदरे म्हणजे गेल्या खेपेचे पुरुषांचे.
नवे आले ते नेहमीच्या अंगांवर गेले.
बाह्या कोपराच्या खाली, घेर मांडीपर्यंत.
सात नंबर हातात आला आणि बोटं थबकली.
गळ्यापाशी निळा टाका. माझाच.
तेव्हा काळा दोरा संपला होता
आणि काल्सेरे दारात उभा राहून पाय आपटत होता, लवकर, लवकर.
त्या रात्री त्याला खांद्यावर बसवून बंदरापर्यंत नेलं.
आता तो बस चालवतो,
नव्या प्रवाशाला गुडघ्यावरची खूण दाखवतो.

आत बारीक टाचण्या लावून
लेइमाराने घेर आवळलाय.
आणि समोर, छातीवर, आडवा,
चुन्याचा एक पांढरा पट्टा.
तो मी निरखून बघितला.
बाजूच्या रेषेवर पडलं की चुना कुशीला लागतो.
छातीला असा लागायचा
तर चेंडूच्या मागोमाग
पुरं अंग गोलरेषेपार न्यावं लागतं.

म्हणजे गोल झाला.
सकाळी, कुत्र्याच्या साक्षीने.

दोनदा साबण लावला. चुना हट्टी,
पट्टा निघाला, पण पुरता नाही.
रोजची दोरी मागे असते, भिंतीच्या आडोशाला.
आज मी ती फाटकावर बांधली,
स्टेडियमकडे जायच्या वाटेवर, डोक्याच्या उंचीवर.

साडेसातला माणसं लोटली,
ढोल, शिट्ट्या, गालांवर रंग.
एकाच्या मानेवर थेंब पडला.
त्याने वर बघितलं.
"अरे, हा तर काल्सेरेचा सात नंबर!"

माझ्या तोंडात चिमटे होते.
काढले.